डोंगरी कुरणाची चुनखडी जमीन

जमीन चांगली की वाईट हे ठरविण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. ती काळी आहे की तांबडी, तीत ज्वारी येते की बाजरी, ती पाणी धरते की सोडते, एवढे पाहिले म्हणजे आपण निकाल देऊन मोकळे होतो. ही रीत शेतकऱ्याची आहे आणि शेतापुरती ती बरोबरही आहे. परंतु आपल्या देशात अशीही विस्तीर्ण जमीन आहे की जिच्यावर नांगर कधी फिरला नाही आणि बहुधा पुढेही फिरणार नाही. तिच्यावर पीक उभे राहत नाही, विरळ गवत आणि खुरटी झुडपे उगवतात. आणि ती माणूस खात नाही, त्याची जनावरे खातात. शेताच्या मापाने मोजू गेल्यास अशी जमीन पहिल्याच कसोटीस उतरत नाही. म्हणून तिचे गुणधर्म स्वतंत्रपणे समजून घेणे अगत्याचे आहे. उंच पर्वतप्रदेशातील, पाण्याचा चांगला निचरा होणारी आणि चुन्याने संपन्न अशी जी कुरणाची जमीन, तिचा विचार मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. उदाहरणादाखल मी हिमाचल प्रदेशातील स्पिती आणि लडाखातील चांगथांग हे दोन प्रदेश घेतो.

हिमालयाची मुख्य रांग ओलांडून आपण उत्तरेस गेलो म्हणजे हवामान एकाएकी पालटते. नैर्ऋत्येकडून येणारे पावसाळी ढग अलीकडच्या उतारांवरच रिते होतात; पलीकडे पोचतो तो बहुतांशी कोरडा वारा. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे पाऊस व बर्फ मिळून वर्षाकाठी सुमारे १०० मिलिमीटर पाणी पडते. मुंबईस सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. म्हणजे मुंबईच्या त्या एका दिवसाचे पाणी लेहला मिळावयास नऊ वर्षे लागतील. स्पितीतील काझा हे गाव ३,६०० मीटरांच्या वर वसलेले आहे, किब्बर सुमारे ४,२०० मीटरांवर आहे, आणि चांगथांगचे पठार बहुतेक सर्वत्र ४,००० मीटरांहून उंच आहे. अशा ठिकाणी झाडे नाहीत; हिवाळा दीर्घ आणि उन्हाळा थोडक्या महिन्यांचा. पाण्याच्या या दुर्भिक्ष्यातूनच तेथील मातीचे सारे स्वरूप घडले आहे.

रशियन शास्त्रज्ञ डोकुचायेव याने १८८३ साली काळ्या मातीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि माती म्हणजे केवळ खडकाचा चुरा नव्हे, हा विचार रूढ केला. खाली कोणता खडक आहे, वर हवामान कसे आहे, जमिनीचा उतार कसा आहे, तिच्यावर कोणते जीव वाढतात आणि हे सर्व किती काळ चालले आहे, या पाच गोष्टींच्या परस्परक्रियेतून माती जन्मास येते. आपल्या विषयातील मातीला ही पाचही कारणे लावून पाहिली म्हणजे तिचे कोडे उलगडत जाते.

प्रथम खडक. स्पितीचे डोंगर एका नाहीशा झालेल्या समुद्राच्या तळापासून बनले आहेत. भारतीय भूखंड आणि आशिया यांच्यामध्ये एके काळी टेथिस नावाचा समुद्र होता. त्याच्या तळाशी शंखशिंपल्यांचे आणि सूक्ष्म सागरी जीवांचे अवशेष कोट्यवधी वर्षे साचत गेले व त्यांचे चुनखडक झाले. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी दोन्ही भूखंडांची टक्कर झाली आणि तो तळ उचलला जाऊन पर्वत झाला. स्पितीतील लांग्झा गावाच्या आसपास आजही ॲमोनाइट या सागरी प्राण्याचे चक्राकार जीवाश्म सापडतात. आपल्या देवघरांतील शाळिग्राम नेपाळातील गंडकी नदीच्या पात्रातून येतात. तेही याच समुद्राच्या गाळातील ॲमोनाइटचे अवशेष होत. तेव्हा तेथील मातीतील चुना हा मुळात समुद्राचा वारसा आहे. जेथे खाली चुनखडक नाही तेथेही वाऱ्याने आणलेल्या धुळीतून आणि जुन्या सरोवरांच्या गाळातून तो जमिनीत येतो.

आता अशा एखाद्या उतारावर कमरेइतका खोल खड्डा खणला तर काय दिसेल ते पाहू. पृष्ठभागावर बारीक खडे पसरलेले असतात. वाऱ्याने बारीक माती उडवून नेली आणि खडे मागे राहिले, असा त्याचा अर्थ. त्याखाली काही बोटे जाडीचा तपकिरी थर लागतो. गवताच्या मुळांची दाट जाळी यात असते आणि कुजून मिसळलेले जे थोडे सेंद्रिय द्रव्य, तेही मुख्यतः येथेच असते. त्याच्या खाली माती फिकट होत जाते, दगडगोटे वाढतात. आणखी खाली गेलो की माती पांढुरकी दिसू लागते. हाच चुना साचलेला थर. त्याच्याही खाली पुन्हा रेती, खडे आणि डबर, म्हणजे हिमनद्यांनी, ओढ्यांनी किंवा दरडींनी आणून टाकलेले मूळ द्रव्य.

हा पांढरा थर वरही नाही आणि अगदी तळाशीही नाही, मध्येच का? याचे उत्तर साध्या रसायनात आहे. शुद्ध पाण्यात चुनखडी जवळजवळ विरघळत नाही. परंतु मुळे आणि जमिनीतील सूक्ष्म जीव श्वासोच्छ्वास करतात, त्यातून निघणारा कर्बाम्लवायू, म्हणजे आजच्या भाषेत कार्बन डायऑक्साइड, पाण्यात मिसळतो आणि ते पाणी सौम्य आम्ल बनते. अशा पाण्यात चुनखडी विरघळते. बर्फ वितळले किंवा पाऊस पडला की हे पाणी वरच्या थरातील चुना घेऊन खाली उतरू लागते. कोकणात ते उतरत उतरत थेट नदीला मिळते आणि चुना वाहून जातो. म्हणून तेथील जांभ्या मातीत चुना शिल्लक नाही. कोरड्या प्रदेशात मात्र पाण्याची शिदोरी वाटेतच संपते. काही पाणी मुळे शोषून घेतात, काही वाफ होऊन जाते, वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना तेथल्या तेथे बसतो. वर्षानुवर्षे पाणी साधारण ज्या खोलीपर्यंत पोचते, त्या खोलीवर हा थर जमत जातो. म्हणून चुन्याच्या थराची खोली ही त्या जागेच्या जलमानाची नोंदवहीच म्हटली पाहिजे. हान्स येनी आणि लेनर्ड यांनी १९३४ साली अमेरिकेतील मोठ्या मैदानांच्या मातीवरून हे दाखवून दिले की, पाऊस जसजसा वाढत जातो तसतसा हा थर खोल जातो.

गोट्यागोट्यांच्या जमिनीत या क्रियेची एक विशेष खूण आढळते. खड्ड्यातून एखादा दगड काढून उलटा केला तर त्याच्या खालच्या बाजूस पांढरे कवच दिसते. वरची बाजू मात्र बहुधा स्वच्छ असते. याचे कारण असे की, उतरणारे पाणी दगडाच्या पोटाशी लोंबते आणि तेथेच सुकते. पाणी तापविण्याच्या बंबात जशी पुटे चढतात, तशीच ही पुटे होत. एखाद्या दगडाचे कवच वरच्या बाजूस आढळले, तर तो दगड कधीतरी उलटला गेला आहे, जमीन हलली आहे, असे अनुमान जाणकार काढतात. गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६६ साली न्यू मेक्सिकोच्या मातीवरून या साठ्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. आधी खड्यांवर पातळ पुटे चढतात. मग पुटे एकमेकांस भिडू लागतात. पुढे सर्व फटी बुजतात. आणि शेवटी पाणी खाली जाऊच शकत नाही, तेव्हा वर चुन्याचा गुळगुळीत पापुद्रा बसतो. या प्रवासाला हजारो वर्षे लागतात.

या मातीचा दुसरा विशेष म्हणजे तिचा निचरा. या शब्दाविषयी थोडा गैरसमज आहे. उतारावरून पाणी वाहून जाते त्याला निचरा म्हणत नाहीत. ते वाहणे निराळे. पाणी जमिनीत मुरते, मुळांजवळ काही काळ राहते आणि जास्तीचे पाणी अडून न बसता खाली निघून जाते, त्याला चांगला निचरा म्हणावयाचे. हे ओळखण्यासाठी पावसाची वाट पाहावी लागत नाही. मातीचा रंग ते सांगतो. पाणी तुंबणाऱ्या जमिनीत हवा शिरत नाही, आतील लोहाचे रूप बदलते आणि करडे, निळसर किंवा गंजासारखे ठिपके उमटतात. निचऱ्याच्या जमिनीत असे ठिपके नसतात. वरपासून खालपर्यंत रंग एकसारखा क्रमाने फिकट होत जातो.

निचऱ्याचे महत्त्व आपल्या दख्खनच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको. आपल्याकडील भारी काळ्या जमिनीतही चुनखडीचे कंकर असतात. एके काळी हेच कंकर भाजून बांधकामाचा चुना करीत. परंतु ती जमीन चिकण असल्यामुळे पाणी अडते. कालव्याचे पाणी बेसुमार दिले म्हणजे क्षार वर येतात, सोडियमचे प्राबल्य होते आणि जमीन चोपण बनते. कॅल्शियम मातीच्या बारीक कणांना एकत्र बांधून रवाळ ठेवते; सोडियम त्यांना सुटे करून त्यांचा चिखल करते. डोंगरी कुरणाच्या जमिनीत कॅल्शियम विपुल आणि निचरा मोकळा, म्हणून चुना असूनही ती सहसा चोपण होत नाही. चुना मंदपणे विरघळतो म्हणून मागे राहतो. अधिक विद्राव्य असे क्षार पुढे निघून जातात.

ते जातात कोठे, याचे उत्तर चांगथांगमध्ये डोळ्यांनी पाहता येते. त्सो कार हे तेथील खारे सरोवर चहूकडून उतारांनी वेढलेले आहे आणि त्यातून बाहेर पडणारी नदी नाही. उतारांवरून निथळलेले क्षार तेथे येऊन थांबतात, पाण्याची वाफ होते आणि काठावर मिठाचे पांढरे पट्टे राहतात. चांगपा लोक पूर्वी हे मीठ गोळा करून त्याचा व्यापार करीत असत. दुरून पाहणाऱ्याला उतारावरचा चुना आणि काठावरचे मीठ दोन्ही पांढरेच दिसतात. परंतु एकाच्या संगतीत गवत वाढते आणि दुसऱ्याच्या संगतीत फार थोडे काही तग धरते. फरक ओळखण्याची सोपी रीत अशी की, मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकावे. चुना असेल तर ती फसफसते. मातीपरीक्षक आजही शेतात हीच कसोटी वापरतात.

सुपीकतेच्या दृष्टीने पाहिले तर या जमिनीचे गुणदोष मिश्र आहेत. मोकळा चुना असल्यामुळे तिचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ यांच्या दरम्यान राहतो. अशा जमिनीत लोह, जस्त आणि स्फुरद असूनही वनस्पतींना ते सहजी मिळत नाहीत. आपल्याकडे चुनखडीच्या रानात संत्र्याची किंवा उसाची पाने पिवळी पडतात, शेतकरी त्याला केवडा पडला असे म्हणतो; त्याचे एक मोठे कारण हेच. पण डोंगरी कुरणातील वनस्पती या परिस्थितीला सरावलेल्या आहेत. तेथे उगवणारे स्टायपासारखे गवत, आर्टेमिशियाची सुगंधी झुडपे आणि काटेरी कॅरागाना यांना केवडा पडत नाही. कॅरागाना तर शेंगावर्गातील आहे. हवेतील नत्र आपल्या मुळांच्या गाठींत बांधण्याची तिची शक्ती आहे. या वनस्पतींचा मोठा हिस्सा जमिनीच्या वर नसून खाली, मुळांच्या रूपाने असतो. पाहणाऱ्याला उजाड दिसणाऱ्या उतारात खरे कुरण जमिनीखाली दडलेले असते, असे म्हणावयास हरकत नाही.

हा उतारही सर्वत्र सारखा नसतो. उत्तरेकडे तोंड केलेल्या बाजूवर बर्फ अधिक काळ टिकते, ओल राहते, गवत थोडे दाट येते; दक्षिणेकडील बाजू लवकर मोकळी होते, पण लवकर वाळतेही. ओढ्याच्या काठी पाणथळ हिरवी पट्टी असते, तिची माती काळसर आणि निराळ्या जातीची. ही हिरवी पट्टी पाहुण्यांच्या डोळ्यांत भरते, पण तिचे क्षेत्र थोडे. एकूण कळपाचा भार मोठ्या प्रमाणात त्या कोरड्या चुनखडी उतारांनाच वाहावा लागतो.

या मातीवर माणसांनी आपली जीवनपद्धती किती जुळवून घेतली आहे, ते चांगपा मेंढपाळांकडे पाहिले म्हणजे कळते. ज्या बकरीच्या अंगावर पश्मिना लोकर येते ती ते पाळतात. या लोकरीचा तंतू साधारण १२ ते १५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक असतो. वर्षभर ते एका जागी राहत नाहीत. ठरलेल्या क्रमाने एका कुरणातून दुसऱ्या कुरणात जातात आणि कोणते कुरण हिवाळ्यासाठी राखावयाचे हे समाजाने ठरवून दिलेले असते. ही भटकंती नव्हे, ही फेरपालट आहे. गवताला पुन्हा मुळांत साठा करावयास वेळ मिळावा, ही तिच्यामागील दृष्टी. कुरणे कमी झाली की हा क्रम बिघडतो. १९६२ च्या युद्धानंतर सीमेजवळच्या काही हिवाळी कुरणांची वाट बंद झाली, आणि उरलेल्या कुरणांवर भार वाढला. २०१२-१३ च्या हिवाळ्यात अतोनात बर्फ पडून चांगथांगमध्ये हजारो जनावरे दगावली, तेव्हा राखीव चाऱ्याचे मोल सर्वांनाच कळून चुकले.

स्पितीतील अनुभवही बोलका आहे. वन्यजीव अभ्यासक चारुदत्त मिश्र यांनी किब्बरच्या परिसरात केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की, पाळीव जनावरांची संख्या वाढली म्हणजे त्याच गवतावर जगणाऱ्या भरल या रानमेंढ्यांना चारा पुरत नाही; आणि भरल घटले की हिमबिबट्या गावातील जनावरांकडे वळतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस किब्बर गावाने मोबदला घेऊन आपल्या कुरणाचा काही भाग चराईतून वगळण्याचे मान्य केले. पुढील काही वर्षांत तेथे भरल वाढले. मातीला, गवताला आणि जनावराला विसावा दिला म्हणजे काय होते, याचा हा प्रत्यक्ष दाखला होय.

विसावा न मिळाल्यास काय होते तेही पाहिले पाहिजे. जळणासाठी झुडपे मुळासकट उपटली जातात. गाड्या रस्ता सोडून कुरणातून धावतात. एकाच जागी कळप फार दिवस बसतो. वरचा तपकिरी थर काही बोटांचाच असतो. तो एकदा फुटला की वारा आणि वितळणारे बर्फ त्याला फार काळ राहू देत नाहीत, आणि खालचा पांढरा थर उघडा पडतो. त्या थरात सेंद्रिय द्रव्य नाही, बी धरणारी भुसभुशीत माती नाही. गवत त्यावर सहसा परत येत नाही. एखाद्या उतारावर नवे पांढरे डाग दिसू लागले, तर ती मातीने लिहून दिलेली तक्रार समजावी. कमी पाऊस, कडाक्याची थंडी आणि तोकडा उन्हाळा यांमुळे अशा ठिकाणी माती तयार होण्याचा वेग अत्यंत मंद असतो. एका ऋतूत गेलेले भरून यावयास शतके लागतात.

येथे प्रश्न केवळ शास्त्राचा राहत नाही, कारभाराचाही होतो. सरकारी दप्तरात जमिनीला काहीतरी नाव द्यावेच लागते. आपल्या महसुली भाषेत पड, पोटखराबा, गायरान असे शब्द आहेत. पोटखराबा म्हणजे लागवडीस अयोग्य एवढाच त्याचा अर्थ. पण शब्दातील खराबा कानाला चिकटतो आणि ती जमीन निरुपयोगी आहे असे हळूहळू सर्वजण धरून चालतात. केंद्र सरकार उपग्रहाच्या साहाय्याने देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध करते, त्यातही झुडपी रान आणि अवनत कुरणे यांचा समावेश पडीक जमिनींतच होतो. गणनेच्या सोयीसाठी हे वर्गीकरण ठीक आहे. परंतु पडीक म्हणजे रिकामी, असा अर्थ त्यातून काढणे धोक्याचे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लडाखातील १३ गिगावॅट क्षमतेच्या अक्षय ऊर्जा प्रकल्पाची वीज वाहून नेणाऱ्या मार्गास मंजुरी दिली. या वीजमार्गाचा आरंभ पांगच्या उंच मैदानातून व्हावयाचा आहे, आणि आपल्या चराईचे काय होणार, हा प्रश्न मेंढपाळांनी उघडपणे विचारला आहे. देशाला वीज हवी, यात शंका नाही. पण कोणत्या उतारावर पाया खणावयाचा आणि कोणता उतार कळपासाठी सोडावयाचा, हे ठरविताना नकाशावरील रंगापेक्षा जमिनीतील खड्डा अधिक खरे सांगेल.

तो खड्डा पाहताना विचारावयाचे प्रश्न थोडे आहेत. वरचा तपकिरी थर किती बोटांचा उरला आहे? पांढरा थर किती खोल आहे? मुळे कोठपर्यंत पोचली आहेत? पाणी अडल्याच्या काही खुणा आहेत काय? आणि या जमिनीवर वर्षाच्या कोणत्या महिन्यांत कोण येते? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे माती देते. पाचव्याचे उत्तर मात्र त्या गावातील वृद्ध मेंढपाळाकडेच मिळते, आणि ते घेतल्याशिवाय पहिल्या चारांचा अर्थ पुरा लागत नाही. शेताची प्रतवारी करताना आपण ती कसणाऱ्याला विचारतो. कुरणाची प्रतवारी करताना ते चारणाऱ्याला विचारणे हाही तितकाच साधा न्याय आहे.